कातळसड्यांची बाजू

संमेलनांच्या व्यासपीठांवरून जंगलांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते आवश्यकही आहे. आज मला मात्र कोकणातल्या कातळसड्यांची बाजू मांडायची आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गोव्यापर्यंत पसरलेले जांभ्याचे हे सडे मे महिन्यात काळेठिक्कर आणि ओसाड दिसतात. सातबाऱ्यावर अशी कितीतरी जमीन पोटखराबा म्हणून नोंदलेली असते. झाड नाही म्हणजे राखण्यासारखे काहीच नाही, हे आपण धरूनच चालतो. रानाची किंमत झाडांवरून करण्याची ही सवयच सड्यांच्या मुळावर आली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मृगाच्या सरी कोसळल्या की याच कातळाच्या भेगांतून दीपकाडीचे पांढरे तुरे वर येतात. पश्चिम किनाऱ्याच्या या पट्ट्यापलीकडे तिला घर नाही. पुढे पाणी साचलेल्या खळग्यांभोवती गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू दाटीने उगवतात. त्यांतली शेवटची दोन कीटकभक्षी आहेत, आणि त्याचे कारण त्या जागेतच आहे. कातळावरची माती जेमतेम बोटभर, तीही पावसाने धुपून नत्राला पारखी झालेली. तेव्हा जे मातीत नाही ते या वनस्पती किड्यांकडून मिळवतात. चार महिने पाण्यात आणि उरलेले महिने तापल्या दगडावर काढण्याची ही ताकद यायला किती काळ जावा लागला असेल! साताऱ्याजवळचे कासचे पठारही जांभ्याचेच. तिथला वायतुरा आणि त्याचे सोबती पाहायला आपण रांगा लावतो. पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत २०१२ साली कासचा समावेशही झाला. किनाऱ्यालगतच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांना २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत जागा मिळाली, याचा मला आनंद आहे. पण त्या शिल्पांना खेटून वाढणाऱ्या वनस्पतींची दखल कुठल्या यादीने घ्यायची?

यावर पहिला आक्षेप येतो तो वृक्षारोपणाचा. तापमान वाढते आहे, मग मोकळ्या जागी झाडे लावण्यात वाईट काय? झाडे जरूर लावावीत. रस्त्यांच्या कडेला, गावठाणात, तुटलेल्या जंगलात, आणि तीही स्थानिक जातींची. राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट ठेवले होते. एवढ्या मोठ्या आकड्यासाठी जागा शोधताना नजर मोकळ्या माळावर आणि सड्यावर जाते, आणि लवकर जगते म्हणून गिरिपुष्प किंवा ऑस्ट्रेलियन बाभूळ निवडली जाते. सावली आणि पाचोळा यांखाली उन्हाची सवय असलेली बुटकी वनस्पती तग धरत नाही. शिवाय जांभा सच्छिद्र आहे. सड्यावर मुरलेले पाणी उतारावरच्या झऱ्यांना आणि विहिरींना मिळते, हे वाडीतल्या माणसांना कुणी सांगावे लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बरेच सडे खाजगी मालकीचे आहेत. कातळ फोडून, बाहेरची माती भरून लावलेली हापूसची कलमे आणि चिरेखाणी यांवर घरे चालतात. त्या शेतकऱ्याला फुलांसाठी उपाशी राहा, असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. म्हणून सरसकट बंदी मी मागत नाही. कोणता सडा राखायचा आणि कोणता वापरायचा, हे आधी ठरवावे. राखलेल्या सड्याच्या मालकाला सरकारने मोबदला द्यावा. हे ठरवायचे तर तिथे काय उगवते याची नोंद हवी. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही दिली आहे. याच कायद्याचा आधार घेऊन २०२१ मध्ये आंबोलीतल्या हिरण्यकेशीच्या परिसराला, तिथे सापडलेल्या एका छोट्या माशासाठी, वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. माशासाठी जे झाले, ते दीपकाडीसाठीही होऊ शकते.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. जून ते ऑक्टोबर आपापल्या गावच्या सड्यावर जा, गुरे राखणाऱ्यांना सोबत घ्या, वनस्पती न उपटता त्यांची छायाचित्रे आणि स्थानिक नावे टिपा, आणि ती नोंद ग्रामपंचायतीच्या वहीत चढवून घ्या.