कामाचा कोपरा



२०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या घरात आल्या. घरातले एकुलते टेबल बहुधा मुलाला मिळाले. सुनेने ओट्याशी नाही तर पलंगावर बसून नोकरी केली. म्हणून सांगते, दोन खोल्यांतही कोपरा निघतो. खिडकी डाव्या हाताला असावी. उजव्या हाताने लिहिताना सावली पडत नाही. टेबल अडीच फूट उंच, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर. पाय लोंबत असतील तर खाली पाट घ्यावा. शोभेला जुन्या इरकलीचा पडदा नि तांब्यात मनीप्लांट पुरे.

मात्र पाहुणे आले की पहिल्याने तेच टेबल आवरायला लावू नका. ज्या कामाला घरात जागा, त्यालाच घरात मान.