उघड कोणास, आणि केव्हा?



ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते फळ्यावर गणित सोडवून खडू खाली ठेवीत, तेव्हा आम्ही मुले म्हणत असू, "हे तर सोपेच होते!" सर शांतपणे विचारीत, "मग मघाशी का सुचले नाही?" पुढे पेटंटांवर तांत्रिक अभिप्राय देणे हा माझा व्यवसाय झाला आणि हाच प्रश्न जन्मभर माझ्यासोबत राहिला.

आपला पेटंट कायदा १९७० चा. शोध नुसता नवा असून भागत नाही. त्या विद्येत कुशल असलेल्या माणसाला तो उघड वाटता कामा नये. हा कुशल माणूस महापंडित नव्हे, आणि पेडण्याच्या बाजारातून जाणारा वाटसरूही नव्हे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात धातूची भांडी लेथवर पक्की धरण्याच्या युक्तीचा वाद होता. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट रद्द ठरविले. डिचोलीत समई घडविणाऱ्या कारागिराला त्यातले मर्म सहज कळेल. नित्याच्या अवजारात केलेली बेताची सुधारणा हे कसब खरे. परंतु प्रत्येक कसब म्हणजे शोध नव्हे.

काही वर्षांपूर्वी एका तरुणाचा अर्ज माझ्याकडे अभिप्रायासाठी आला. आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण कॅमेऱ्याला दिसतात. दिवसा त्यांमुळे रंग बिघडतात, म्हणून भिंगामागे ते अडविणारा फिल्टर लागतो. रात्री तोच बाजूला सारावा लागतो. या तरुणाने फिल्टर सरकविणारी यंत्रणा विजेवाचून, चुंबकाच्या बळावर जागी स्थिर ठेवली होती. आकृती पाहताच मी शेरा मारला : "उघड."

रात्री सरांचा प्रश्न आठवला. उत्तर पाहून झाल्यावर मी वाट ठरवीत होतो! सकाळी शेरा खोडला. अर्जाच्या तारखेपूर्वीचेच कागद समोर ठेवले. एका जुन्या पेटंटात विजेच्या गुंडाळीने फिल्टर सरकत होता, आणि गुंडाळी तापते ही तक्रारही तेथेच नोंदलेली होती. दुसऱ्या कागदात विद्युत्-कळ चुंबकाने धरून ठेवली होती. तक्रार वाचणारा कुशल माणूस त्या उपायाकडे वळणारच. मुख्य दावा उघडच ठरला. पण आता कारणासह. मात्र फिल्टर सरकताना झडप आधी मिटावी, ही त्याची एक दुय्यम योजना कोणत्याही कागदाने सुचविलेली नव्हती. ती मी ग्राह्य मानली. एका शब्दाच्या घाईने मी त्या तरुणाचा न्याय्य वाटा बुडविणार होतो.

उलट बाजूही विसरू नये. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली, जुने लिखित पुरावे मांडले आणि १९९७ साली ते रद्द झाले. आपल्या आजीला ठाऊक असलेली गोष्टही कागदावर दाखवावी लागली.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, दुसऱ्याचे काम पाहून "त्यात काय विशेष?" असे म्हणण्यापूर्वी, त्याच्याआधी कोणाला काय ठाऊक होते ते शोधा. मग खुशाल तसे म्हणा. पण कारण द्या. आमच्या सरांनी आम्हांला एवढेच शिकविले, आणि ते मला पुरले.