पावसाचा हिशेब आणि घामाचा पैसा



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून पुष्कळांना वाटले असेल, की रिझर्व्ह बँकेचा आणि हवामानाचा संबंध काय? बँकेने पैसा सांभाळावा, पाऊस वेधशाळेने पाहावा. आणि त्यावर बोलायला कामगार संघटनेतला माणूस कशाला? मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. जे थोडेफार शिकलो ते गेटसभांत, पगारपत्रकांतून आणि रात्री वाचलेल्या पुस्तकांतून. परंतु ज्याला पगारपत्रक नीट वाचता येते, त्याला रिझर्व्ह बँकेचा कारभारही हळूहळू उमगू लागतो.

महागाई भत्त्याचेच पाहा. भत्ता निर्देशांकाशी बांधलेला, निर्देशांक भाजीच्या पाटीशी बांधलेला आणि भाजीची पाटी पावसाशी. २०२३ च्या जुलैमध्ये टोमॅटो कडाडला आणि देशातील किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर गेली. ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ पायाच्या त्या मालिकेत अन्नपदार्थांचा वाटा सुमारे ४६ टक्के होता. महागाई आवरण्याचे काम कायद्याने रिझर्व्ह बँकेचे. तिच्या हाती मुख्य शस्त्र व्याजदराचे. व्यापारी बँकांची बदलत्या व्याजाची नवी घरकर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या दराशी, बहुधा रेपोशी, जोडली गेली. म्हणजे नाशिककडे अवकाळी पाऊस कोसळला, तर त्याचे शिंतोडे बोळिंजमधल्या घराच्या हप्त्यावर उडू शकतात. संबंध नाही असे कोण म्हणेल?

आता दुसरी बाजू, तारणाची. आपला वसई तालुका खाड्यांचा, मिठागरांचा, केळीच्या आणि पानवेलींच्या बागांचा. त्यात भराव पडले, इमारती उभ्या राहिल्या. २०१८ च्या जुलैत नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या बंद पडल्या, हे आपण सर्वांनी सोसले आहे. अशा जागेतल्या घरावर बँक वीस वर्षांचे कर्ज देते. शाखेचा व्यवस्थापक काही वर्षांनी बदलून जातो. कर्ज, कर्जदार आणि पाणी मात्र येथेच राहतात. मार्क कार्नी हे बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर असताना २०१५ साली लंडनला विमा व्यावसायिकांपुढे हेच बोलले : निर्णय घेणाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यापलीकडे हे नुकसान वाढून ठेवलेले असते, म्हणून आज कोणी ते मोजत नाही.

मोजायचे धोके दोन प्रकारचे. पूर, दुष्काळ, वादळ यांनी घर, शेत, कारखाना बुडतो आणि कर्ज थकते, हा पहिला. कोळसा-तेलाचे युग सरताना त्यावर चालणारे धंदे बसतात आणि त्यांत गुंतलेला पैसा अडकतो, हा दुसरा. या कामासाठी २०१७ च्या डिसेंबरात पॅरिसला काही मध्यवर्ती बँका एकत्र आल्या. आपली रिझर्व्ह बँक २०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांच्यात सामील झाली. २०२२ साली तिने चर्चापत्र काढले, २०२३ साली हरित ठेवींचे नियम केले आणि २०२४ च्या फेब्रुवारीत, बँकांनी हवामानाची जोखीम जाहीर करावी, असा मसुदा प्रसिद्ध केला. परंतु नागरी सहकारी बँकांपैकी त्या मसुद्यात होत्या त्या दहा हजार कोटींहून अधिक ठेवींच्याच. ज्या लहान पतपेढ्यांत आणि सहकारी बँकांत आपला माणूस मुलीच्या लग्नाचे पैसे ठेवतो, त्यांचे मोजमाप बाहेरच राहिले.

काही जाणते म्हणतात, हे मध्यवर्ती बँकेचे कामच नव्हे. ते सरकारने करावे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक २०२५ च्या जानेवारीत त्या मंडळातून बाहेर पडली, ती हे आपल्या अधिकारकक्षेपलीकडचे आहे असे सांगून. या आक्षेपात तथ्य आहे. बांध घालणे, नाले साफ ठेवणे, खाडीत भराव होऊ न देणे ही सरकारची आणि महापालिकेचीच कामे आहेत; व्याजदराने पूर ओसरत नाही. पण ठेवीदाराचा पैसा बुडू न देणे हे तर रिझर्व्ह बँकेचेच काम ना? ठेवींना विम्याचे संरक्षण आहे, पण त्यालाही मर्यादा असते. तेव्हा तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही. धोका मोजलाच पाहिजे.

मात्र येथे मला सावधगिरीची घंटा वाजवावयाची आहे. बँकांनी उद्या नकाशा काढला, पाणी साचणाऱ्या वस्त्यांवर तांबडी रेघ मारली आणि तेथे कर्ज बंद केले किंवा व्याज वाढवले, तर काय होईल? भराव घालून मोकळा झालेला बिल्डर केव्हाच पुढच्या जागेवर गेलेला असेल. ज्याने ऐपतीप्रमाणे सखल भागात खोली घेतली त्याच्या माथी तो आकार बसेल. हे म्हणजे वड्याचे तेल वांग्यावर!

दुसऱ्या धोक्याचेही तेच. आपल्या जिल्ह्यात डहाणूला ५०० मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे. बँकांनी कोळशाकडे पाठ फिरवली तर हवेला बरे. पण तेथल्या कंत्राटी कामगाराचा हिशेब कोणत्या वहीत? १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पुढे गिरण्या बसल्या. गिरणगाव सोडून विरार-नालासोपाऱ्याकडे आलेली कुटुंबे या सभेतही असतील. धंदा बुडाला की तारणवाला सावकार आधी आणि कामगार मागाहून, अशी रीत होती. १९८५ साली कंपनी कायद्यात ५२९-अ कलम आले, तेव्हा कुठे कामगाराची देणी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने बसली. रांगेतली जागा कोणी आपण होऊन देत नाही; ती मागून, भांडून घ्यावी लागते. या नव्या संक्रमणात ती आधीच मागितली पाहिजे.

म्हणून माझे म्हणणे इतकेच : मोजमाप व्हावे, ते लोकांपुढे मांडले जावे, आणि त्याचा भार दुबळ्याच्या खात्यावर लोटला जाऊ नये. कोळशाचा धंदा आवरताना कामगारांच्या देण्यांची आणि नव्या रोजगाराची तरतूद कर्जाच्या अटींतच असावी. सखल वस्तीला कर्ज नाकारण्याऐवजी पाण्याचा निचरा, उंच जोते, विजेचे मीटर वर घेणे यांसाठी स्वस्त कर्ज मिळावे.

तुम्ही म्हणाल, रिझर्व्ह बँकेत आपले कोण ऐकणार? तेथे नसेल, पण सहकारी बँकेत आपण सभासद आहोत, आणि शेअर एक असो वा हजार, सभासदाला मत एकच. दरवर्षी सर्वसाधारण सभा भरते; आपण लाभांशाचा आकडा ऐकतो, चहा घेतो आणि घरी येतो. येत्या सभेत एकाने तरी उठून विचारावे, “आपल्या बँकेची किती कर्जे पाणी भरणाऱ्या जागांवर आहेत, आणि त्या कर्जदारांसाठी आपण काय योजले आहे?” पहिल्या वर्षी उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या वर्षी दहा जणांनी विचारावे. पैसा आपल्या घामाचा आहे. त्याचा हिशेब विचारणे हा आपला हक्क आहे.