ट्रकची रेस वर-खाली होते, तेव्हा आधी हवा शोधा



तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला जावा, हे आपण जाणताच. उशीर झाला की वजन घटते, साखर उतारा घटतो. आणि आपल्यापैकी पुष्कळांचा ऊस जातो तो जुन्या डिझेल ट्रकने. असा ट्रक काट्यापुढच्या रांगेत उभा असताना कुणी रेस न देता इंजिन चढते, उतरते, पुन्हा चढते, आणि कधी तसेच बंद पडते. मेकॅनिक याला 'हंटिंग' म्हणतात. मग कोणी तरी सांगतो, 'पंप गेला, खोलावा लागेल.' पंप खोलणे म्हणजे मोठा खर्च, शिवाय गाडी उभी. तेव्हा मंडळी, पंपाला हात लावण्याआधी पाना आणि स्वच्छ फडके घ्या अन् टाकीपासून सुरुवात करा.

ठोका चुकून गाडी हादरत असेल तर ते मिसिंग. एखादे सिलिंडर नीट काम करीत नाही, नोजल तपासून घ्यावे. हंटिंगमध्ये ठोका चुकत नाही, आवाज लाटेसारखा वर-खाली होतो. गव्हर्नर वेग सांभाळू पाहतो, पण डिझेल मिळते कमी-जास्त. याचे नेहमीचे कारण म्हणजे डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा.

ती शिरते कुठून? ट्रकची टाकी खाली, चासीच्या कडेला असते. फीड पंप तिथून डिझेल ओढतो. या ओढीच्या नळीला बारीक चीर पडली तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून नळी कोरडी दिसली की ती धड आहे, असे मुळीच समजू नका. फीड पंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असते; तिथली गळती ओली दिसते. फसवते ती कोरडी बाजूच.

टाकीच्या झाकणाचे हवेचे भोकही बघावे. ते मातीने बुजले तर गाडी थोडा वेळ छान चालते, मग रेस डगमगते. झाकण उघडताच 'फुस्स' आवाज झाला आणि इंजिन सुधारले, तर काम तिथेच झाले.

नळीवर संशय असेल तर सोपी परीक्षा आहे. स्वच्छ कॅनमध्ये डिझेल भरून तो फीड पंपापेक्षा उंच ठेवा, आणि दुसऱ्या नळीने थेट फीड पंपाला जोडा. हवा काढून इंजिन सुरू करा. ते शांत चालले तर दोष टाकी ते फीड पंप एवढ्यातच आहे. रबरी नळी, जोडाचे नट, वायसर बदला. जुना दबलेला वायसर पुन्हा बसवू नये. चार पैसे वाचतात अन् खेप बुडते.

हवा काढताना फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून हातपंप मारा. आधी फेस येईल. बुडबुड्यांविना डिझेल वाहू लागले की, वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग पंपावरच्या स्क्रूशी हेच करा. हवा काढूनही दोन दिवसांनी तीच तक्रार आली, तर भोक अजून बुजलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. फिल्टर चोंदला असेल तर बदला, तळाचे पाणीही सोडा.

इतके करून हंटिंग राहिले, तर मात्र गव्हर्नर किंवा पंपाचा रॅक अडकत असेल. काही जुन्या इंजिनांत हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो. त्याचा पडदा फाटला तरी असेच होते. हे काम जाणकाराचे. पंपाचे सील आपण तोडू नये. स्लो रेसचा स्क्रू पिळून रेस वाढवू नका. त्याने दोष झाकतो, जात नाही.

आणि बरं का, हे सारे जुन्या, साध्या पंपाच्या गाडीसाठी. नव्या कॉमन रेल इंजिनाच्या दाबाच्या नळ्या कधीही सैल करू नका. तिथला डिझेलचा फवारा कातडी भेदून आत जातो. जुन्या गाडीतही नोजलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये. फवारा लागलाच, तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक दवाखाना गाठावा.