खेळाडूच्या खेळाचा हिशेब

बास्केटबॉलचा सामना संपला की गुणफलकावर दोनच आकडे उरतात. पण गुणलेखकांच्या मेजावर मात्र आकड्यांचा मोठा पसारा मांडलेला असतो. कोणत्या खेळाडूने किती वेळा चेंडू टाकला, त्यांपैकी किती वेळा तो कड्यातून गेला, फळ्यावरून उसळलेला चेंडू कोणी पकडला, सहकाऱ्याला गुण मिळवून देणारा पास कोणी दिला आणि हातचा चेंडू कोणी घालवला, या साऱ्याची तेथे नोंद असते. सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरला, की त्याच्या भवितव्याचा कौल पुष्कळदा या एका कागदावरून लावला जातो. तेव्हा हा कागद वाचावा कसा, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही.

या खेळाचा जन्म १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे झाला. जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घरात खेळता यावे म्हणून सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या टोपल्या टांगल्या. टोपल्या गेल्या, लोखंडी कडी आली. पण दहा फुटांची ती उंची आजही कायम आहे. भारतात हा खेळ १९३० च्या सुमारास रुजू लागला आणि पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीतच भरली. १९५१ च्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धाही दिल्लीत झाल्या आणि त्यांतही बास्केटबॉलला स्थान होते. ऑलिंपिकमध्ये मात्र भारताचा पुरुष संघ एकदाच, १९८० साली मॉस्कोत, उतरला.

त्याच दिल्लीच्या परिसरात, ग्रेटर नोएडा येथे, मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक संघटनेने एक निवासी प्रबोधिनी सुरू केली. देशभर चाचण्या घेऊन निवडलेली मुले तेथे राहून खेळ आणि शिक्षण या दोहोंचे धडे गिरवू लागली. पुढच्याच वर्षी, २०१८ च्या मे-जूनमध्ये, आशिया आणि पॅसिफिक भागातील निवडक मुलामुलींचे शिबिर तेथे भरले. एरवी ज्यांची नावेही कानावर आली नसती अशा परदेशी समवयस्कांशी आपल्या मुलांची गाठ पडली. गावात किंवा जिल्ह्यात सर्वांत उंच ठरलेल्या मुलाला आपल्याहून उंच आणि आपल्याहून चपळही मुलगा समोर दिसला, म्हणजे त्याच्या खेळाचा खरा हिशेब सुरू होतो.

या हिशेबाची एक रूढ रीत आहे. मिळवलेले गुण, पकडलेले रिबाउंड, दिलेले निर्णायक पास, प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू आणि अडवलेले फटके यांची बेरीज करायची. आणि तीतून चुकलेले फटके व गमावलेले चेंडू वजा करायचे. समजा, एका मुलाने वीस गुण केले, तीन रिबाउंड घेतले आणि एक पास दिला. पण त्याचे दहा फटके चुकले आणि पाच वेळा चेंडू हातचा गेला. त्याच्या पदरी उरतात नऊ. दुसऱ्याने आठच गुण केले. परंतु नऊ रिबाउंड, पाच पास, हिसकावलेले दोन चेंडू, आणि चुका म्हणाल तर दोन फटके व एक गमावलेला चेंडू. त्याच्या खात्यावर जमा होतात एकवीस! टाळ्या पहिल्याला मिळालेल्या असतात. संघाला आधार दुसऱ्याचा झालेला असतो.

पण हा हिशेबही पुरता नव्हे. सहकाऱ्याला मोकळी जागा मिळावी म्हणून जो खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो, त्याची नोंद होत नाही. जो आपल्या पाठीने धिप्पाड प्रतिस्पर्ध्याला कड्यापासून दूर रेटून धरतो आणि उसळलेला चेंडू मात्र दुसऱ्याच्या हाती पडू देतो, त्याचीही नोंद होत नाही. चढाईला चोवीस सेकंदांची मुदत असते. ती संपत येईपर्यंत प्रतिस्पर्ध्याला फटक्याची संधीच न देणे, हे तर संरक्षणाचे सर्वस्व. पण जो फटका मारलाच गेला नाही, तो कागदावर लिहायचा कसा? एखादा खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे वा मागे गेला, याचाही आकडा काढतात. तो उपयोगी आहे खरा. पण त्यात बाकीच्या चौघांचे गुणदोष मिसळलेले असतात.

कुमारवयात तर आणखी एक गुंतागुंत असते. स्पर्धेचे वयोगट जन्मवर्षावरून ठरतात. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला, ही दोन मुले एकाच गटात खेळतात. सोळाव्या वर्षी ते अकरा महिन्यांचे अंतर हाडापेरात स्पष्ट दिसते. उंच मुलाची अडचण वेगळीच. तेराव्या वर्षी तो सर्वांपेक्षा हातभर उंच असतो, म्हणून त्याला कड्याखाली उभे करतात. तेथे त्याला सहज गुण मिळतात, शालेय संघ जिंकतो, सारे संतुष्ट होतात; पण चेंडू टप्पे देत पुढे नेणे, दुरून नेम साधणे, पायांची चपळाई हे सारे शिकायचे राहून जाते. आंतरराष्ट्रीय सामन्यात त्याच्याएवढीच उंच मुले समोर उभी ठाकतात, आणि तेव्हा त्या न शिकलेल्या गोष्टींचे व्याज द्यावे लागते.

पंजाबातील बल्लो के गावचा सतनामसिंग भामरा लुधियानाच्या प्रबोधिनीतून २०१० साली अमेरिकेला गेला आणि २०१५ साली एनबीएच्या निवडीत ५२ व्या क्रमांकावर घेतला गेलेला पहिला भारतीय ठरला. मात्र एनबीएच्या प्रत्यक्ष सामन्यात त्याला उतरता आले नाही; पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. त्याच्या मागून आला प्रिन्सपालसिंग. हा गुरदासपूर जिल्ह्यातला मुलगा लुधियानाहून ग्रेटर नोएडाच्या प्रबोधिनीत आला, तेथून ऑस्ट्रेलियात कॅनबेराला आणि मग अमेरिकेत पोहोचला. ऑगस्ट २०२१ मध्ये लास वेगास येथील उन्हाळी स्पर्धेत सॅक्रामेंटोच्या संघाने बॉस्टनला १०० विरुद्ध ६७ असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा प्रिन्सपाल त्या संघात होता. अंतिम सामन्यात त्याच्या वाट्याला अखेरची काही मिनिटेच आली. आकड्यांच्या कागदावर त्या मिनिटांची किंमत नगण्य. पण आपल्या देशातील मुलगा त्या संघात बसला, ही घटना पहिलीच होती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी झाकू नये.

महाराष्ट्रालाही या खेळाची परंपरा आहे. मुंबईच्या नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्काराचा मानकरी कर्णधार दिला. पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. अशी माणसे एका सामन्याच्या आकड्यांवर घडत नाहीत. घर सोडून शेकडो कोस दूर राहणाऱ्या मुलाने परदेशी संघाविरुद्ध चारच गुण केले, तर त्याच्या मार्गदर्शकाने त्याला तीन प्रश्न विचारावेत: चेंडू गेल्यावर तू मागे धावलास का? सहकारी मोकळा असताना तुला दिसला का? आणि पहिल्या डावात झालेली चूक चौथ्या डावात टाळलीस का? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर त्या मुलाचा सामना वाया गेला नाही. आणि ते नकारार्थी आले, तर वीस गुण मिळवूनही त्याला शिकायचे पुष्कळ उरले आहे, हे त्याला प्रेमाने सांगणारे कोणीतरी त्याच्याजवळ असले पाहिजे.