भोकांत मुरलेले आम्ल
(बंगळूर येथे रेल्वे व टपाल कामगारांसमोर केलेले भाषण)



टपाल कचेरीतला टेबल-पंखा फिरतो तो एका लहानशा बुशवर. हा बुश बहुधा ओतलेला नसतो. धातूची भुकटी साच्यात दाबायची आणि पूर्ण वितळू न देता भट्टीत भाजायची, असा तो बनतो. त्यात बारीक भोके राहतात. बुशात ती हवीच, कारण त्यांतच तेल मुरते. पण लोखंडी भुकटीच्या गिअरला हीच भोके नडतात. गंज आतून धरतो.

म्हणून कोणी त्यावर थेट झिंक चढवतो. टाकीतले आम्ल आणि क्षार भोकांत शिरतात. वरून कितीही धुवा, आतले निघत नाही. पुढे पांढरे डाग फुटतात, माल परत येतो आणि बोल लागतो प्लेटिंगवरच्या कामगाराला. वास्तविक आधी भोके राळेने बुजवायची असतात. तो खर्च कोणी वाचवला, हे कोणी विचारत नाही!

दुसरी रीत वाफेची. सुमारे 500 ते 570 अंश सेल्सिअसला कोरडी वाफ सोडली की लोखंडावर आणि भोकांतही निळसर-काळा ऑक्साइडचा थर बसतो. भोके बरीच बुजतात, पृष्ठभाग कठीण होतो. आम्लाची टाकी लागत नाही. मात्र या क्रियेत हायड्रोजन सुटतो. भट्टीतली हवा आधी नीट हाकलली नाही तर स्फोटाची भीती. तेव्हा ही रीत निर्धोक आहे असे मी म्हणणार नाही.

झिंकवरचा पिवळा रंग आपण सर्वांनी पाहिला आहे. जुन्या पद्धतीत तो षट्संयुजी क्रोमियमने येतो. त्याने हाताला व्रण पडतात, नाकाच्या पडद्याला भोक पडते. 1990 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग करणारे द्रव्य ठरवले. युरोपने 2006 पासून विजेच्या उपकरणांत त्यावर निर्बंध घातले. त्याऐवजी त्रिसंयुजी क्रोमियम वापरता येते. इथल्या पीण्यात प्लेटिंगची लहान लहान युनिटे दाटीने आहेत, आणि तिथल्या भूजलातही क्रोमियम सापडले आहे.

भोपाळनंतर, 1987 च्या दुरुस्तीने, कारखाना कायद्यात धोकादायक द्रव्यांची माहिती कामगाराला देण्याचे बंधन मालकावर आले. ते कायद्यात आले, टाकीजवळच्या भिंतीवर क्वचितच आले. आपल्या वर्कशॉपमध्ये सुटे भाग येतात तेव्हा स्टोअरमधल्या साथीने एवढेच विचारावे: यावर काय चढवले आहे, आणि ते चढवणाऱ्याला हातमोजे होते का?