आत्मसंरक्षणाचे छोटे शस्त्र : निवड आणि जबाबदारी

(एका व्याख्यानाचे शब्दांकन)



खंडेनवमीला घराघरांतून शस्त्रांचे पूजन होते. तलवार नसेल तेथे विळी, कोयता, कातरही पाटावर येते. पूजेतील शस्त्र मात्र वर्षभर स्वस्थ असते. कमरेला बाळगायचे शस्त्र अहोरात्र जागे असते. म्हणून त्याची निवड भावनेने नव्हे, विवेकाने करावी लागते. दागिने घेऊन गावोगाव जाणारा सराफ, दिवसभराचा गल्ला बँकेत नेणारा पेट्रोलपंपचालक, शेतावर एकट्याने राहणारे कुटुंब यांच्यापुढे हा प्रश्न अगदी व्यावहारिक रूपात उभा राहतो. परवाना हाती आला, खिशात पैसे बेताचे आहेत. मग घ्यावे काय?

प्रथम कायद्याची चौकट. इंग्रजांनी १८७८ मध्ये शस्त्र कायदा करून हिंदी प्रजेला नि:शस्त्र केले आणि युरोपियनांना त्यातून वगळले. आज लागू आहे तो १९५९चा कायदा. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली. शहरात पोलीस आयुक्त, जिल्ह्यात जिल्हाधिकारी परवाना देतात. २०१६च्या नियमांनी शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षणही त्याला जोडले आहे. याच नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी नेताना शस्त्र पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असला पाहिजे. सदऱ्यावरून पट्टा बांधून गावभर मिरवणाऱ्या हौशी मंडळींनी एवढे एक कलम जरी वाचले तरी पुष्कळ होईल.

झाकून नेण्याचे शस्त्र आटोपशीर हवे, हे ओघानेच आले. पण आपल्याकडे निवडीचे क्षेत्र मुळातच अरुंद. ९ मिलिमीटर, .३८ ही सेनादलांची व पोलिसांची मापे सर्वसामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून खाजगी व्यक्तींना परदेशी पिस्तुलांची आयातही जवळजवळ बंदच झाली. परिणामी आजोबांच्या काळातील जुन्या विलायती पिस्तुलांना लाखांचे भाव आले. दुर्मिळतेपोटी मोजलेले हे पैसे संरक्षणासाठी नसतात, नावासाठी असतात.

उरतात मुख्यत: .३२ आणि .२२ बोअरची देशी शस्त्रे. कानपूरचे .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्ली घाटाचे, मधून मोडून सहा काडतुसे भरायचे. इशापूरचे ‘अशनी’ पिस्तूल त्याच बोअरचे. पण येथेच नवखा फसतो. दोन्ही ‘बत्तीस बोअर’ म्हणवली, तरी रिव्हॉल्व्हरचे काडतूस कडेला ओठ असलेले आणि पिस्तुलाचे वेगळ्या घडणीचे. एकाचे दुसऱ्यात वापरायचे नसते.

दिल्लीतील डिसेंबर २०१२च्या अमानुष घटनेनंतर, २०१४च्या जानेवारीत ‘निर्भीक’ आले. महिलांच्या पर्समध्ये मावेल असे, टायटॅनियम मिश्रधातूचे, वजन सुमारे अर्धा किलो. किंमत मात्र १ लाख २२ हजारांच्या घरात! रात्रपाळी करून एकटीने घरी परतणाऱ्या परिचारिकेने ते कोणत्या पगारातून घ्यावे, याचा विचार झालेला दिसला नाही. पुढे आलेले .२२ बोअरचे ‘निडर’ सुमारे २५० ग्रॅमचे आणि आरंभी साधारण ३५ हजारांचे. ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरहून ‘प्रबल’ आले. त्याचे चक्र बाजूला उघडते, त्यामुळे काडतुसे भरण्यासाठी शस्त्र मोडावे लागत नाही. काडतुसांविना वजन ७०० ग्रॅम. उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यात वेब्लीचे खाजगी उत्पादनही सुरू झाले आहे.

मग हलके तेच उत्तम काय? तसे नाही. शस्त्र जितके हलके तितका त्याचा धक्का हाताला अधिक जाणवतो. नळी आखूड असली की नेम धरण्यात किंचित चूक झाली तरी गोळी बरीच भरकटते. .२२चा धक्का सौम्य, सराव स्वस्त. पण आघातही दुबळा. पिस्तूल चपटे असल्याने अंगाशी चांगले बसते. मात्र काडतूस अडकले तर ते सोडवण्याचे कौशल्य हवे. रिव्हॉल्व्हरचे चक्र कमरेला फुगवटा आणते, पण एखादे काडतूस पेटले नाही तर पुन्हा घोडा ओढला की पुढचे समोर येते. ज्याचा नियमित सराव होणार नाही, अशा मध्यमवयीन गृहस्थाला .३२चे साधे रिव्हॉल्व्हरच अधिक विश्वासाचे. मनगट अशक्त असेल, घोडा ओढताना बोट थरथरत असेल, तर दुकानातच ते रिकामे करवून हाताळून पाहावे. किमतीचा कागद त्यानंतर.

आणि त्या कागदावर केवळ शस्त्राचा आकडा नसावा. घोडा पूर्ण झाकणारे चामडी म्यान, भिंतीत बसवलेली तिजोरी, सरावाची काडतुसे, नूतनीकरण यांचा खर्चही त्यातच धरावा. स्वस्तातले सैल म्यान ही सर्वांत महाग काटकसर. पर्समध्ये शस्त्र ठेवणाऱ्या भगिनींनी त्यासाठी स्वतंत्र कप्पा राखावा. किल्ल्या, कंगवा आणि रिव्हॉल्व्हर एकत्र नांदत नाहीत, शिवाय घरातील लहानग्याचा हात पहिल्यांदा जातो तो पर्समध्येच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आत्मसंरक्षणाचा अधिकार आहे. तो पत्नी, मुले, शेजारी, अगदी अनोळखी माणसाच्या रक्षणापर्यंत पोहोचतो. पण शासनयंत्रणेची मदत घेण्यास अवसर असेल तर तो अधिकार उरत नाही, आणि बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत घातलेली गोळी न्यायालयात बचाव म्हणून उभी करणे फार कठीण. लग्नाच्या वरातीत हौसेने हवेत गोळी झाडली, तर २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास वा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणखी एक. परवान्यावर क्षेत्र लिहिलेले असते. सांगलीच्या परवान्यावर शस्त्र घेऊन बेळगावला लग्नाला निघण्यापूर्वी तो रकाना वाचावा. निवडणुका जाहीर झाल्या आणि शस्त्र जमा करण्याची नोटीस आली, तर ते ठाण्यात देऊन पावती घ्यावी आणि ती पावती परवान्यासोबतच ठेवावी.